शहाजीच्या ट्रकमधला तिसरा कॉम्प्रेसर

गाडीचा एसी बिघडला की गिऱ्हाईक दहातल्या नऊ वेळा एकच वाक्य घेऊन येतं, "मिस्तरी, गॅस संपलाय, भरून द्या." मी मिरजगावला हायवेच्या कडेला अठ्ठावीस वर्षं हे काम केलं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून शटर कायमचं ओढलंय, पण ते वाक्य अजून कानात आहे. तेव्हा आधी तेच खोडून काढतो. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही आणि संपतही नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय. गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतणं. तसं करणारे रस्त्याला पुष्कळ आहेत, त्यांचं चालतंही बरं.

दुसरी गोष्ट, एसी थंडी तयार करत नाही. तो केबिनमधली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. डॅशबोर्डच्या आत एक कॉइल असते, तिथे गॅस उष्णता उचलतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. तिथे वाऱ्यावर गॅस ती उष्णता सोडतो आणि परत फिरतो. बस्स, एवढाच खेळ आहे. बाकी सगळं म्हणजे वायरी, पट्टे आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव.

स्वभावाचे नमुने खूप पाहिले. एका डॉक्टरांच्या गाडीत एसी लावला की कुजका वास यायचा. त्यांचं तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. मी ब्लोअर खोलला तर आत उंदरानं त्यांच्याच औषधांच्या चिठ्ठ्या कुरतडून घरटं केलेलं. डॉक्टरांनी एक कपटा उचलून बघितला आणि म्हणाले, "अक्षर माझंच आहे." एक निवृत्त मास्तर दर उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा एसी तपासायला यायचे. गाडीत काही बिघाड नसायचा. माझ्या दुकानात दाब मोजायचा गेज लावून अर्धा तास एसी चालू ठेवावा लागायचा, तेवढा वेळ ते मागच्या सीटवर बसून पेपर वाचायचे. घरी त्यांना गाडी चालू करून असं बसायला कुणी दिलं नसतं. मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं की मला कळतंय. मी दर वेळी गेज लावायचो.

पण आज लिहायला बसलो ते शहाजीच्या ट्रकबद्दल. या कामात माझं नाव होतं. "मिरजगावच्या मिस्तरीला दाखवा" असं लोक करमाळ्यापर्यंत सांगायचे. त्या नावाला मी किती लायक होतो, ते या एका गाडीनं मला दाखवलं.

शहाजी आमच्याच भागातला, वाडीवर राहणारा. स्वतःचा जुना सहा चाकी ट्रक, स्वतःच ड्रायव्हर. नगरच्या बाजारातून कांदा भरायचा आणि सोलापूरकडे न्यायचा. कांदा नसेल तेव्हा साखरेची पोती, पेंड, काहीही. एका थंडीत तो आणि त्याची बायको मंदाबाई माझ्याकडे आले. ट्रकला कंपनीचा एसी नव्हता. त्या वयाच्या ट्रकांना नसायचाच. त्यांना तो बाहेरून बसवून हवा होता.

तेव्हा ट्रकला एसी म्हणजे चैन वाटायची. मी चेष्टेनं म्हणालो, "काय शहाजीराव, साहेब झाला व्हय आता?"

शहाजीनं शर्टाची वरची बटणं सोडली आणि कॉलर मागे ओढली. मानेपासून खाली छाती, खांदे, दोन्ही दंड, सगळी कातडी वितळून परत गोठल्यासारखी. मंदाबाईंनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी केबिनमध्ये चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला होता. चार महिने दवाखान्यात काढले. मांडीची कातडी काढून छाती-खांद्यांवर लावली. तो वाचला, पण त्या नव्या कातडीला घाम येत नाही.

"घाम न्हाई तर काय झालं?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"भाऊ, तुमच्या त्या जाळीतनं ऊन भाईर पडतं ना, तसं मानसाचं घामातनं पडतं," मंदाबाई म्हणाल्या. "ह्यांचं पडत न्हाई. ते आतच ऱ्हातं. उन्हाळ्यात केबिनमदी बसले का तासाभरात डोळं फिरत्यात. डॉक्टर म्हनले, डायवरकी सोडा. आता सोडून करायचं काय? दुसरं ह्यांना कायच येत न्हाई. मंग मीच म्हनलं, गाडी इकायची न्हाई, एसी बसवायचा."

माझा धंदा मला इतक्या थोडक्यात आणि इतका बरोबर कुणी समजावून सांगितला नव्हता. मी चार दिवस लावून एसी बसवला. कॉम्प्रेसरसाठी ब्रॅकेट स्वतः तयार केलं, जाळी रेडिएटरच्या पुढे बसवली. पहिल्यांदा थंड वारा आला तेव्हा शहाजीनं दोन्ही हात पुढे केले आणि नुसता धरून बसला. आगटीसमोर बसतात तसा, पण उलट.

तेव्हापासून उन्हाळ्याच्या खेपांना मंदाबाई सोबत जाऊ लागल्या. पाण्याचा जार, ओले टॉवेल आणि नजर नवऱ्यावर. त्यांचं घर त्या केबिनवर चालत होतं, आणि केबिन माझ्या कामावर.

एप्रिलमध्ये शहाजी आला. म्हणाला, "मिस्तरी, एसी मधीच बंद पडतोय. पाच-सात मिन्टं बंद, मंग आपोआप चालू. लई तरास हुतो."

असं होण्याचं नेहमीचं कारण प्रेशर स्विच. नळीवर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. आतला दाब जास्त वाढला की तो कॉम्प्रेसर बंद करतो आणि दाब उतरला की परत चालू करतो. राखणदारच म्हणा. मी गेज लावून बघितलं. माझ्या दुकानात गाडी उभी राहिली की समोर भलामोठा फॅन लावलेला असायचा, वर जाळीवर मी पाण्याचा फवारा मारायचो. दाब एकदम बरोबर. म्हणजे दाब ठीक असून स्विच उगाच तोडतोय, स्विचच खराब. नवा स्विच नगरहून मागवावा लागणार होता आणि शहाजीचा कांदा भरलेला होता. मी काय केलं, स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या. आमच्या भाषेत याला डायरेक्ट करणं म्हणतात. नवा स्विच आला की बसवू, तोवर चालू दे.

एसी न थांबता चालू लागला. शहाजी खूष. नवा स्विच आठवड्याभरात आला, मी खणात ठेवला. शहाजीच्या खेपा चालू होत्या, मग माझ्याकडे लग्नसराईच्या गाड्यांची गर्दी झाली, आणि तो स्विच खणातच राहिला. माझ्या डोक्यातून साफ गेला.

तीन आठवड्यांनी कॉम्प्रेसर जाम झाला. आतून लोखंडाचा चुरा निघाला. मी म्हणालो, होतं असं कधी कधी, माल खराब निघतो. नळ्या धुतल्या, फिल्टर बदलला, दुसरा कॉम्प्रेसर बसवला. दाब बघितला, फॅन समोर लावून. बरोबर.

मंदाबाई स्टुलावर बसून हे सगळं बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू का? हा कांद्याच्या खेपंलाच कुरकुरतो. पेंड नेली, साखर नेली, तवा कायच न्हाई. कांदा भरला का सुरू."

मी हसलो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडे बघून हसलो. "वहिनी, एसीला कांद्याचा वास कळत न्हाई. माल मागं हौद्यात, एसी फुडं. त्यांची गाठ कुठं पडती?"

त्या दोघांनाही हसू आलं. मंदाबाईंनी पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसल्या.

पावसाळा गेला, थंडी गेली. शहाजी साखर नेत होता, एसी घड्याळासारखा चालला. मला वाटलं, मिटलं. मार्चमध्ये उन्हाळी कांदा सुरू झाला आणि महिना भरायच्या आत दुसरा कॉम्प्रेसर गेला. तसाच, जाम.

आता मात्र मी चिडलो. पण चिडलो तो पुण्याच्या दुकानदारावर, ज्याच्याकडून मी वीस वर्षं माल घ्यायचो. फोनवर त्याला नको ते बोललो. जुना माल रंगवून विकतोस म्हणालो. तो बिचारा सांगत होता, त्याच पेटीतले बाकीचे सगळे नीट चालू आहेत. मी फोन आपटला. शहाजीलाही सोडलं नाही. "तुमी एसी फुल ठिवून गाडी रेमटता, त्यो तरी काय करील?" म्हणालो.

शहाजी शांतपणे म्हणाला, "मिस्तरी, मी एसी फुल ठिवतो, कारन मला ठिवावाच लागतो. तुमच्यानं हुत नसंल तर तसं सांगा. करमाळ्याचा एक जन गाडी मागतोय. मी देऊन टाकतो."

मी पाना खाली ठेवला. सव्वा वर्षात हा माणूस माझ्याशी एवढं एकदम कधी बोलला नव्हता. गाडी विकून तो काय करणार होता ते त्याला माहीत नव्हतं आणि मलाही.

मी म्हणालो, "ह्या वक्ताला मी कॉम्प्रेसर बसवतो आन तुमच्या संगं गाडीत येतो. नगरला जाऊ, कांदा भरू, परत येऊ. काय हुतंय ते डोळ्यानं बघतो."

खरं तर हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आजाऱ्याला दवाखान्यात बसवून तपासायचं आणि तो जिथे आजारी पडतो तिथे कधी जायचंच नाही, असं चाललं होतं माझं.

तिसरा कॉम्प्रेसर बसवला. गेजला लांब पाइप जोडून ते केबिनमध्ये घेतले. गेजला दोन डायल असतात, निळी आणि लाल. लाल डायल जाळीकडे जाणाऱ्या गॅसचा दाब दाखवते. तो गेज मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसलो, मधे मंदाबाई, पलीकडे शहाजी. रिकामी गाडी नगरला गेली. लाल काटा जागचा हलला नाही.

बाजारात गाडी भरायला लागली. तिथे बाकीचे ड्रायव्हर काय करतात? गाडी बंद करून झाडाखाली जाऊन बसतात, तंबाखू मळतात. शहाजी उन्हात थांबू शकत नव्हता. तो इंजिन चालू ठेवून, एसी लावून केबिनमध्येच बसला. दोन-अडीच तास. मी गेजकडे बघत होतो. लाल काटा मुंगीच्या पायानं वर चढत होता. मी खाली उतरून पुढून जाळी बघितली. स्वच्छ होती, मीच तर धुतली होती. सगळीकडे कांद्याचे पापुद्रे उडत होते, माझ्या डोक्यावर, शर्टावर. मी ते झटकले आणि परत वर येऊन बसलो. इतकं समोर होतं, तरी कळलं नाही.

बारा वाजता भरलेली गाडी निघाली. ऊन असं की रस्त्यावर पुढे पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. रुईछत्तीशी मागे पडली आणि पुढच्या चढाला काटा भराभर वर जाऊ लागला. लाल पट्ट्यात शिरला. एवढ्या दाबाला स्विचनं कॉम्प्रेसर कधीच तोडायला हवा होता. तोडला नाही. कॉम्प्रेसर कण्हल्यासारखा आवाज करायला लागला.

मी घाबरलो. तिसरा कॉम्प्रेसर माझ्या डोळ्यांदेखत जाणार होता. हात पुढे करून मी एसीचं बटण बंद केलं.

"मिस्तरी, हे काय?" शहाजी म्हणाला.

"पाचच मिन्टं. दाब उतरू द्या, मंग लावतो."

दाब पाच मिनिटांत उतरणार नाही हे मला माहीत होतं. इंजिन तापलेलं, चढ, मागे दहा टन माल. मंदाबाईंनी काचा खाली करायला लावल्या, तर बाहेरून भट्टीचा वारा आत आला. पाचाची दहा मिनिटं झाली, दहाची पंधरा. माझं लक्ष काट्यावर. काटा उतरत होता आणि मला बरं वाटत होतं. माझ्या शेजारी दोन हातांवर एक माणूस तापत होता आणि मी काटा बघत होतो. हे वाक्य लिहायला मला जड जातंय, पण तसंच घडलं.

"आवो, गाडी बाजूला घ्या," मंदाबाई एकदम ओरडल्या. "घ्या म्हनते ना!"

मी मान वर केली. शहाजीचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. माझ्या अंगातून धारा वाहत होत्या आणि त्याचं कपाळ कोरडं. त्यानं गाडी कशीबशी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काय विचारलं तरी भलतंच बोलत होता.

रस्त्याला लागून लिंबाची बाग होती. मंदाबाई मला ओलांडून खाली उतरल्या आणि मदतीला हाका मारत बागेकडे पळाल्या. आम्ही दोघांनी आणि बागेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मिळून शहाजीला खाली उतरवला, लिंबाच्या सावलीत आडवा केला. नशिबानं लाईट होती. शेतकऱ्यानं मोटर चालू केली आणि नळीचं पाणी शहाजीच्या अंगावर सोडलं. मंदाबाई त्याचा शर्ट काढून टॉवेलानं वारा घालत होत्या. मी काय करत होतो आठवत नाही. बहुतेक त्याचे पाय धरून उभा होतो.

पंधरा-वीस मिनिटांनी तो नीट बोलायला लागला. पहिलं वाक्य बायकोला, "मोबाईल भिजला का?" मंदाबाई तेव्हा रडल्या. तोपर्यंत रडल्या नव्हत्या.

एखादी गाडी थांबवून दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर शहाजी ऐकेना. "आता बरं हाय. भरलेली गाडी रस्त्यात टाकून मी जानार न्हाई." शेतकऱ्यानं खाट आणून टाकली, मीठ-साखर घालून लिंबाचं पाणी दिलं, नळी चालूच ठेवली.

मी ट्रककडे गेलो. हातांना काम हवं होतं. गाडीच्या नाकावरची लोखंडी ग्रिल काढली, कंडेन्सरचे वरचे दोन बोल्ट सैल केले आणि तो चार बोटं पुढे ओढला. मागच्या फटीत नजर टाकली.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्यांचा थर बसला होता. दोन बोटं जाड, तेलकट, धुळीनं माखलेला, दाबून बसवलेल्या गठ्ठ्यासारखा. पुढून काही दिसत नव्हतं, कारण पुढून ते आले नव्हतेच. बाजारात गाडी तासन्‌तास चालू उभी असायची, इंजिनचा पंखा खालून आणि बाजूनं वारा ओढायचा आणि त्याच्याबरोबर उडते पापुद्रे त्या फटीत जाऊन चिकटायचे. बाकीचे ट्रक बंद उभे असायचे म्हणून त्यांना हे होत नव्हतं. कंपनीच्या गाडीत ही फट फोमच्या पट्टीनं बंद केलेली असते. मी एसी बसवला तेव्हा ती पट्टी लावली नव्हती. थंडीचे दिवस होते, सुचलंच नाही.

मंदाबाई मागे येऊन उभ्या होत्या. मी मूठभर पापुद्रे काढून त्यांच्यासमोर धरले.

"वहिनी, तुमी पयल्या वर्षीच सांगितलं हुतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. एवढंच.

बागेची नळी आणून मी मागून पाणी मारलं, तारेनं खरवडून थर काढला. पाटीभर निघाला. तेव्हा दुसरा प्रश्न डोक्यात आला, की एवढा दाब वाढला तर स्विचनं तोडलं का नाही? स्विचच्या वायरीवरून बोट फिरवत गेलो. काळी टेप लागली. टेपचे तीन वेढे आणि शेवटचं टोक दुमडून आत खोचलेलं. असं टोक मीच खोचतो. बाकी कुणी खोचत नाही.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो. स्विच खराब नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात तो मधेच एसी बंद करत होता, कारण तेव्हाच पापुद्रे साचायला लागले होते आणि दाब खरंच वाढत होता. तो त्याचं काम करत होता. मी त्याचं तोंड बंद केलं. त्यानंतर कॉम्प्रेसरला वाचवणारं कुणी उरलं नाही. दोन कॉम्प्रेसर गेले ते पुण्याच्या दुकानदारामुळे नाही, शहाजीच्या चालवण्यामुळेही नाही.

टेप काढून टाकायला एक मिनिट लागलं असतं. त्या दोघांना कधीच कळलं नसतं. असा विचार मनात आला, तो आला नाही असं म्हणणार नाही. मग शहाजीच्या खाटेपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. टेप, खणातला स्विच, सगळं.

शहाजीनं वर लिंबाच्या फांद्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "आन मी मला दोष देत हुतो, मिस्तरी. वाटायचं, आपल्या अंगामुळं एसीला लई पळावं लागतं. आपल्यापायी मरतोय त्यो."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या.

शिव्या नाहीत, पण राग मंदाबाईंनी केला. आवाज न वाढवता केला. "भाऊ, आज हे गेले असते. मशीन वाचवाया तुमी बटन बंद केलं. मला इचारलं न्हाई, ह्यांना इचारलं न्हाई. आन त्या दिवशी मला हसला, ते दुसऱ्यांकडं बघून हसला. येवडं लक्षात ठिवा."

मी "व्हय" म्हणालो.

शहाजीला केबिनच्या मागच्या बाकावर झोपवलं आणि ट्रक मी चालवला. भरलेला ट्रक चालवून मला वीस वर्षं झाली होती. मिरजगावपर्यंत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आणला. एसी चालू होता, लाल काटा माझ्या दुकानात असायचा तिथेच उभा होता. मंदाबाई मागे नवऱ्याच्या डोक्याशी बसल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी खणातला स्विच बसवला. फटीला चारी बाजूंनी फोमच्या पट्ट्या लावल्या, खालून बारीक जाळी मारली आणि कंडेन्सर दोन बिजागऱ्यांवर घेतला, म्हणजे दर आठवड्याला दार उघडल्यासारखा उघडून मागून धुता येईल. देण्याघेण्याचं आमचं नंतर नीट झालं. पुण्याला फोन केला. दुकानदारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मी त्या पेटीतला एक खोलून बघितला होता, माझाच विश्वास उडाला होता मालावरचा." त्यानं मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. माल देत राहिला, पण पहिल्यासारखी इकडची तिकडची चौकशी पुन्हा कधी केली नाही.

यानंतर मी दुकानात दोन नियम केले. कुठलाही स्विच डायरेक्ट करायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. आणि गाडीबरोबर जो माणूस दिवसभर असतो, मग तो कुणी का असेना, त्याला आधी विचारायचं की हे कधी होतं, कशानंतर होतं. विचारायचं आणि हातातलं काम थांबवून ऐकायचं. पहिला नियम सोपा होता. दुसरा मला शेवटपर्यंत मुद्दाम आठवावा लागायचा.

शहाजीच्या खेपा चालू राहिल्या. तो येता-जाता हात करायचा. मंदाबाई मात्र समोर बघायच्या.

मेच्या मध्यावर एका दुपारी ट्रक माझ्या दुकानासमोर कडुलिंबाखाली येऊन थांबला. इंजिन चालूच. माझे हात एका गाडीत गुंतले होते. अर्ध्या तासानं मंदाबाई एकट्याच खाली उतरल्या.

"काय झालं, वहिनी?"

"काय न्हाई. च्या सांगा, दोनच. त्यांना नको."

"का? बरं न्हाई व्हय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला ट्रककडे यायची खूण केली. मी पायरीवर चढून काचेतून आत बघितलं. मागच्या बाकावर शहाजी कुशीवर झोपला होता. तोंड किंचित उघडं, हात गालाखाली. अंगावर गळ्यापर्यंत गोधडी होती.

"जळाल्यापास्नं उन्हाळ्यात दिवसा डोळा लागला न्हाई ह्यांचा," मंदाबाई खालून हळू आवाजात म्हणाल्या. "मघाशी म्हनले, मंदे, थंडी वाजती. म्हनलं एसी कमी करू? तर नको म्हनले. गोधडीच टाक म्हनले."

बाहेर दुपारचे दोन वाजले होते. हायवेचं डांबर मऊ पडलं होतं आणि एक कुत्रं माझ्या दुकानातल्या ओल्या फरशीवर येऊन पडलं होतं. मी काचेला हात लावला. काच गार होती. आत शहाजीनं झोपेतच गोधडी ओढून कानावर घेतली.

आम्ही दोघांनी चहा तिथेच उभ्यानं घेतला, आवाज न करता.